पाच जणींत एक बाटली

निवृत्तीनं खोक्यातली तिसरी बाटली उजेडात धरली, झाकण अंगठ्यानं हलवून पाहिलं आणि बाटली परत खोक्यात ठेवली.

"घेऊन जा," तो टेम्पोवाल्याला म्हणाला. "सगळं खोकं घेऊन जा."

"शेठ, दोनच बाटल्यांचं सील वाकडं हाय. बाकीचा माल चांगला हाय ना."

"दोन वाकडी तर बाकीच्यांचा काय भरवसा? उद्या कुणाचा गुलाब करपला तर तू येशील का बांधावर उत्तर द्यायला? कंपनीला सांग, निवृत्ती घेत नाय म्हणून."

टेम्पोवाल्यानं खोकं उचललं. गल्ल्यामागं बसलेली प्रतिभा बिल लिहिता लिहिता थांबून हे पाहत होती. दिंडोरी रोडवरच्या या औषधांच्या दुकानात तिला बसायला लागून एकोणीस वर्षं झाली होती. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावचे भाजीवाले आणि फुलवाले शेतकरी वाट वाकडी करून इथं यायचे, ते निवृत्तीच्या या हट्टापायी. दर सोमवारी तो मांडणीवरच्या एकूण एक बाटलीची तारीख तपासायचा. रिकामी बाटली घेऊन कुणी 'थोडंसंच द्या' म्हणून आला तर त्याला पायरीवरूनच परत पाठवायचा. सुट्या औषधाला ना आई ना बाप, असं त्याचं म्हणणं होतं. नवऱ्याच्या बऱ्याच गोष्टी प्रतिभाला पटत नसत, पण या एका गोष्टीचा तिला मनापासून अभिमान होता.

"राजूशेठचा फोन आला होता," तांब्याभर पाणी घशाखाली उतरवून निवृत्ती म्हणाला. "बँकॉकच्या सहलीचं पक्कं झालं. आणि तुझं ते तोंडाचं बी करून टाकलं."

"काय करून टाकलं?"

"ते गं, इंजेक्शनचं. कपाळावरच्या आठ्या जात्यात ते. पाच डीलरांच्या बायका हायेत, पाची जणींचं एकाच दिवशी. उरकून जाईल."

लाळ्या-खुरकताची लस टोचायला गावातली गुरं एका ओळीत उभी करतात, त्याची प्रतिभाला आठवण झाली. पण इंजेक्शनला तिनं नाही म्हटलेलं नव्हतं.

विषय निघाला होता फेब्रुवारीत. ज्या डीलरांनी आदल्या साली, म्हणजे दोन हजार सातला, जास्त माल खपवला त्यांना कंपनीनं मुंबई रोडवरच्या एका हॉटेलात जेवण दिलं होतं, आणि वर बँकॉकची जोड्यानं सहल, तीत बायकांना हवं असल्यास तोंडाचं इंजेक्शनही. त्या जेवणात दिल्लीहून आलेल्या साहेबानं प्रतिभाकडं पाहून हात जोडले आणि निवृत्तीला विचारलं, "बडी बहन हैं आपकी?" टेबलावरचे सगळे हसले. निवृत्ती सगळ्यांत मोठ्यानं हसला. प्रतिभा त्याच्याहून तीन वर्षांनी लहान होती. साहेबाचं काय, परका माणूस, त्याला काय ठाऊक! पण नवऱ्याचं ते हसणं तिच्या काळजाला लागलं. तिचं सारं लहानपण माहेरच्या मळ्यात झेंडू तोडण्यात गेलं होतं. उन्हाकडं डोळे बारीक करून पाहता पाहता पस्तिशीतच कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्यांची तिला कधी लाज वाटली नव्हती. त्या रात्रीनंतर मात्र वेणी घालताना तिची नजर कपाळावरच अडायची. इंजेक्शन तिला हवंच होतं, उगाच खोटं कशाला बोला.

पण चेहरा होता तो. फाटली की बदलून आणायला ती काही चादर नव्हती. म्हणून राजूशेठच्या फोनानंतर ती एकटीच कॉलेज रोडवरच्या एका कातडीच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आली. बाईंनी तिचं कपाळ बोटांनी दाबून पाहिलं.

"इथं घ्या नाहीतर परदेशात घ्या," त्या म्हणाल्या, "आधी तीन गोष्टी विचारायच्या. टोचणारा शिकलेला डॉक्टर आहे का. बाटली कुठल्या कंपनीची, आणि ती तुमच्यासमोर फोडणार का. आणि तिसरं, सुई जरा चुकली तर पापणी खाली उतरते, महिना-महिना वर येत नाही. ते लगेच नाही कळत, चार-पाच दिवसांनी कळतं. तोवर तुम्ही विमानानं घरी आलेल्या असाल. मग विचारायचं कुणाला?"

"सील आणि तारीख बघायची मला सवय आहे," प्रतिभा म्हणाली. "आमचं औषधांचंच दुकान आहे."

"हो का? कुठे?"

"किडींच्या औषधांचं."

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "तरी तुम्ही बऱ्याच जणींपेक्षा शहाण्या आहात."

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट द्यायला नवराबायको कॅनडा कॉर्नरला राजूच्या ऑफिसात गेले. सहलीचं सगळं काम कंपनीनं या राजूकडं दिलेलं. एसी लावलेली खोली, भिंतीवर समुद्राची चित्रं, आणि टेबलामागं सोन्याची साखळी घातलेला, तोंडात साखर घोळवणारा राजू. प्रतिभानं खुर्चीवर बसल्या बसल्या विचारलं,

"राजूशेठ, ते इंजेक्शन टोचणार कोण?"

"एकदम एक्सपर्ट लेडी आहे वहिनी. आपल्याच हॉटेलच्या तळमजल्यावर तिचं सेंटर आहे. तुम्हाला बाहेर पडायची पण गरज नाही."

"डॉक्टर आहे का?"

"डॉक्टरपेक्षा हात साफ आहे. गेल्या साली सटाण्याच्या सात जणींचं केलं तिनं. सगळ्या खूश."

"बाटली कुठल्या कंपनीची असते?"

"तिथं सगळं इंटरनॅशनलच असतं हो. एकच मोठी बाटली घेतात, तुम्हा पाच जणींत वाटून होते. म्हणून तर पॅकेजमध्ये बसतं."

"म्हणजे माझी पाळी येईपर्यंत फोडलेली?"

राजूनं निवृत्तीकडं पाहिलं. निवृत्ती भिंतीवरच्या समुद्राकडं पाहत होता, कान लाल झालेले.

"आणि घरी आल्यावर काही झालं तर फोन कुणाला करायचा?"

"शुभ बोला वहिनी, कशाला काय होतंय?" राजू हसला. "एवढं तर व्हिसावाले पण विचारत नाहीत."

निवृत्ती तिच्या आधी भराभर जिना उतरला. खाली मोटारसायकलपाशी आल्यावर त्याचा बांध फुटला.

"माझी इज्जत घालवलीस तिथं. राजूशेठ काय म्हणला असेल?"

"मी त्यांना विचारलं. तुम्हाला कुठं काय म्हणाले?"

"बाकीच्या चार जणी काय येड्या हायेत? त्यांनी नाय विचारलं. कंपनी फुकट देतीय तर गुमान घ्यावं."

"अहो, दुकानात आपण सुटं औषध देत नाही कुणाला. आणि माझ्या कपाळात सुटं भरायचं?"

"पिकाचं येगळं आणि तुझं येगळं. लय शहाणपण करू नको."

पिकाचं वेगळं! मखमलाबादच्या कुणाच्या गुलाबासाठी अख्खं खोकं परत पाठवणारा हा माणूस. प्रतिभाच्या जिभेवर पुष्कळ आलं होतं, पण रस्त्यावर तमाशा नको म्हणून ती मागच्या सीटवर बसली.

पुढचे आठ दिवस निवृत्ती तीच गोष्ट चघळत राहिला. गिऱ्हाईक आलं की सुरू. "आमच्या मंडळी बँकॉकच्या डॉक्टरांची परीक्षा घेणार हायेत," असं म्हणून तो तिच्याकडं मान वळवायचा. गुलाबवाले गोटीराम तात्या तर रोज यायचे, त्यांनी ते चार वेळा ऐकलं आणि चारही वेळा हसले. प्रतिभा खालमानेनं बिलं लिहीत राहिली. हसणाऱ्यांचा तिला राग नव्हता. नवरा आपल्या बायकोच्या तोंडाचा बाजार मांडतो आणि वर तिलाच नावं ठेवतो, याचा राग होता, आणि तो दिवसागणिक वाढत होता. तिला आता वाटू लागलं होतं, की या माणसाला यातलं काही कळतच नसेल. बाटलीचं कळतं, माणसाचं कळत नाही. असतात अशी माणसं. असं म्हणून ती स्वतःची समजूत घालायची आणि रात्री तेवढ्यापुरती झोप लागायची.

नवव्या दिवशी दुपारी राजूच्या ऑफिसातून पाकीट आलं. निवृत्ती बँकेत गेला होता. पाकिटावर दोघांचीही नावं होती, म्हणून प्रतिभानं ते फोडलं. आत पासपोर्ट, तिकिटं आणि इंग्रजीत छापलेले दोन कागद एकत्र टाचलेले. दिवसभर औषधांची इंग्रजी लेबलं वाचणाऱ्या बाईला ते वाचायला कितीसा वेळ लागणार?

पहिला तिचा होता. हॉटेलचं नाव, तळमजला, सकाळचे अकरा, पाच जणी. डॉक्टरचं नाव नाही, औषधाचं नाव नाही.

दुसरा निवृत्तीचा होता. तिला आधी वाटलं, चुकून दुसऱ्याचा आला. पण नाव त्याचंच होतं. एका मोठ्या हॉस्पिटलचा कागद. टाळूत घ्यायची, केस उगवायची इंजेक्शनं. डॉक्टरचं नाव, त्याच्या पदव्या, त्याचा नोंदणी क्रमांक. आधी रक्त तपासणार. औषध मानवतं का ते आधी थोडं टोचून पाहणार. घरी परतल्यावर काही त्रास झालाच तर कधीही फोन करा, हा नंबर.

चार वर्षं झाली निवृत्ती डोक्यावरची टोपी काढत नव्हता. घरातसुद्धा नाही. त्याचं कारण प्रतिभाला ठाऊक होतं आणि तिनं त्यावरून त्याला एका शब्दानं कधी छेडलं नव्हतं.

त्या कागदामागं आणखी एक कागद होता, फॅक्सची प्रत. हॉस्पिटलला पाठवलेले आठ प्रश्न. मोठ्या, सुट्या इंग्रजी अक्षरांत, निवृत्ती सोमवारच्या वहीत बाटल्यांची नावं लिहायचा तशाच. डॉक्टर कोण. शिक्षण काय. औषध कुठल्या कंपनीचं. तारीख कुठली. सील माझ्यासमोर फोडणार का. सुई नवी असेल का. त्रास झाला तर जबाबदार कोण. पावती मिळेल का. खाली सही आणि तारीख. राजूच्या ऑफिसात तिनं त्याची इज्जत घालवली, त्याच्या बरोबर तीन आठवडे आधीची.

प्रतिभानं कागद गल्ल्यावर ठेवला. न कळणाऱ्या माणसाला माफ करता येतं, तेवढंच करत ती इतके दिवस निभावत आली होती. पण याला सगळं कळत होतं. एक ना दोन, आठ प्रश्न कळत होते. स्वतःच्या टकलासाठी कळत होते, आणि तिच्या डोळ्यांवरच्या पापण्यांसाठी फुकटातलं पॅकेज.

तिनं फोन ओढला आणि राजूचा नंबर फिरवला.

"राजूशेठ, पाकीट मिळालं. दोन्ही कागदांवरची नावं उलटी करून घ्या. यांचं हॉटेलात करा. माझं हॉस्पिटलात."

"काय म्हणालात वहिनी? नीट कळलं नाही."

"हे जातील त्या बाईंकडं. मी जाईन डॉक्टरकडं."

निवृत्ती तेवढ्यात पायरी चढत होता. त्यानं पहिल्यांदा बायकोकडं पाहिलं, मग गल्ल्यावरच्या कागदांकडं. त्याचा हात आपसूक टोपीवर गेला.

"कोण जाईल बाईंकडं?"

"तुम्ही," प्रतिभा म्हणाली. रिसीव्हर तिच्या हातातच होता. "राजूशेठ म्हणतात, त्यांचा हात डॉक्टरपेक्षा साफ आहे."

"येडी का खुळी तू? डोक्यात सुया घ्यायच्या हायेत, खेळ नाय तो! त्या हॉटेलातल्या बाईच्या हातात डोकं देऊ व्हय मी? कोण कुठली, काय शिकलीय, सुईत काय भरलंय, काय पत्ता? उद्या काही कमीजास्त झालं तर कुणाच्या नावानं बोंब मारायची? जीव का वर आलाय माझा?"

बोलता बोलता तो एकदम थांबला. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. रिसीव्हरमधून राजूचा "हॅलो, हॅलो वहिनी" असा बारीक आवाज येत होता.

प्रतिभानं रिसीव्हर त्याच्यापुढं धरला.

"चांगलं बोललात," ती म्हणाली. "राजूशेठ ऐकतायत. आता हेच पुन्हा सांगा त्यांना. फक्त नाव माझं घ्या."

निवृत्तीनं रिसीव्हर कानाला लावला. "हॅलो," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला काही केल्या सुचेना. प्रतिभा समोरचं स्टूल ओढून बसली. ते ऐकल्याशिवाय ती उठणार नव्हती.