मागचा डबा

कडूबाचा कुणावर म्हणून विश्वास नसे. दुकानदारानं तराजू उचलला की हा आधी पारड्याखाली वाकून बघणार. त्याची बायको गीताबाई म्हणायची, "तुमाले देव भेटला तरी तुमी त्याले आधार कार्ड मांगसान."

गीताबाईच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिससाठी कडूबा तिला नेमानं मलकापूरच्या दवाखान्यात आणायचा आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं गावी परत न्यायचा. मशीनवरून उठलेल्या बाईच्या अंगात त्राण नसतं. तिला गाडीत बसायला जागा हवी, बाकी काही नको. तेवढीच मिळत नव्हती. पुलाचा जिना फलाटाच्या मधोमध उतरतो, त्यामुळे सगळी माणसं मधल्याच डब्यांवर तुटून पडायची. गीताबाई दांडी धरून उभी राहायची आणि कडूबा तिच्या दंडाला धरून.

अशात ती पोरगी भेटली. उमैमा तिचं नाव, मलकापुरात मेडिकलवर कामाला, उतरायची नांदुऱ्याला. हे दोघं दिसले की ती हमखास जवळ यायची. "काका, काकूले मांगच्या डब्यात न्या ना. पूर्ण खाली, रिकामाच जाते तो."

खाली जाते, पण काऊन? लोकांना काय जागा नकोय? कडूबाचं डोकं चाललं. डब्यात काही घाण असेल, नाहीतर चोरटे बसत असतील. आणि या पोरीला आपला एवढा पुळका कशाला? त्यानं तिच्यावर नजर ठेवली. गाडी आली की ती स्वतः मात्र मधल्या बायकांच्या डब्यात घुसायची, ओढणी सावरत, कुणाच्या कोपराखालून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

"पाह्यलं?" तो गीताबाईला म्हणाला. "आपल्याले मांगं लोटते अन् सोता जागा धरते."

"तिले तरी कुठं भेटते जागा," गीताबाई म्हणाली, पण तिचं ऐकतो कोण?

त्या दिवशी दवाखान्यातून निघतानाच गीताबाईचे ओठ पांढरे पडले होते. फलाटावर ती मटकन खालीच बसली. उमैमा पाण्याची बाटली घेऊन धावत आली. "काका, आज तरी ऐका. मांगं चला."

कडूबा घाबरला होता, आणि घाबरला की तो तडकायचा. "एवढा चांगला डबा हाय तं तू काऊन नाही बसत त्याच्यात? आम्हाले धाडते अन् सोता मंधात घुसते! काय मतलब हाय तुवा?"

पोरीनं आधी गीताबाईला दोन घोट पाजले. मग बाटलीचं झाकण लावत म्हणाली, "मतलब हाय ना, काका. रिकाम्या डब्यात मी एकटी पोरगी कशी बसू? मांगून कोण चढंन, काय सांगता येते? तुमच्यासारखे घरचे लोक बसले तं मले बी बसता येईन. दिवसभर उभीच असते मी दुकानात. म्हणून तं रोज म्हणून राह्यली."

कडूबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मतलब आहे एवढं त्यानं बरोबर ओळखलं होतं, पण तो कसला हे न विचारता किती महिने बायकोला उभी नेली होती!

दोघांनी गीताबाईला दोन्हीकडून धरलं आणि मागच्या डब्यात चढवलं. डबा खरंच मोकळा होता. गीताबाई बाकावर आडवी झाली. उमैमा खिडकीशी बसली, पर्स छातीशी धरून. गाडी हलता हलता एक दांडगा माणूस आत चढला आणि इतक्या रिकाम्या जागा सोडून नेमका तिच्या समोर येऊन बसला. तंबाखू मळत तिच्याकडे बघू लागला.

कडूबा उठला आणि त्या माणसाला चिकटून बसला.

"कोणतं गाव?" त्यानं विचारलं. "कोणाचे तुमी? तिकीट हाय ना?"

माणूस काहीबाही पुटपुटला, थोड्या वेळानं उठून दाराशी गेला. कडूबाची नजर त्याच्या पाठीवरून हलली नाही. उभ्या जन्मात त्याचा संशय पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडत होता.

गीताबाईला झोप लागली होती. नांदुऱ्याच्या अलीकडे त्यानं वळून पाहिलं, तर उमैमाही झोपली होती आणि पर्स तिच्या हातातून सुटून बाकावर पडली होती.