सात याडी आणि त्यांच्या मिशा

आमच्या तांड्यावरच्या देवळात उजव्या भिंतीला एक जुना फोटो होता. त्याला आम्ही 'सात याडी' म्हणायचो. आम्हा बंजाऱ्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. धुरकट काचेमागं सात जणी ओळीनं उभ्या, अंगात चुण्याचुण्यांचे घेरदार घागरे, कमरेपुढं लोंबती थैली, डोकं उंच. जुन्या काळी आमच्या बायका केसांत लाकडी चुंडा उभा खोवून त्यावरून ओढणी घ्यायच्या, म्हणून डोकं असं उंच दिसायचं. घागरा, थैली, चुंडा. आणखी कुठला पुरावा हवा होता? चेहरे ओलीनं अन् धुरानं पुसट झाले होते, पण देवाचा चेहरा निरखून बघतो कोण!

लालीफुफी, म्हणजे माझ्या बापाची बहीण, त्या सात जणींना रोज धूप दाखवायची. नवरा गेला, पोटचा पोरगा गेला, तेव्हा ती माणसांशी फारशी बोलली नाही. जे काही होतं ते तिनं त्या भिंतीशी बोलून घेतलं.

माझा धाकटा भाऊ बादल यवतमाळला मोबाइलच्या दुकानात असतो. अक्कल थोडी, पण ती वाटायची हौस भारी. या फाल्गुनात त्यानं मोबाइलवर तो फोटो उजळला आणि तांड्याच्या ग्रुपवर टाकला. सातही याडींना मिशा! झुपकेदार, ओठांवरून खाली आलेल्या. गुडघे उघडे, पोटऱ्यांवर मोजे, डोक्यावर काळ्या पिसांच्या उंच टोप्या. खाली बादलनं लिहिलं होतं, 'इंग्रजायच्या फौजेतली, स्कॉटलंडच्या डोंगरातली पलटण. घागरे घालूनच लढाईले जात. आपण गोऱ्या शिपायायले धूप दावून राह्यलो!'

दुपारपर्यंत तो फोटो बाभुळगावच्या बाजारात पोचला. 'मिशावाल्या देवी' म्हणून लोक खिदळायला लागले. तांड्याचे नाईक पूनमसिंग यांनी सांगून टाकलं, "होळीच्या आधी फोटो उतरवा. लय झाली शोभा."

फुफीनं दार लावून घेतलं. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाली, "रंजिता, माह्यं सारं बोलणं कोणी ऐकलं मंग? त्या शिपायायनं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ बादलचा असा संताप आला की विचारू नका. तो खरं बोलला म्हणून नव्हे, हसला म्हणून. मी तशीच नाईकांकडे गेले.

"काका, उतरवा खुशाल. पण गोरे आपल्या देवळात आले कसे, हे कळल्याबिगर नाई."

"होळीपर्यंत पाह्य," ते म्हणाले. "मंग माह्याजवळ येऊ नको."

फोटो पिशवीत घालून मी एसटीनं यवतमाळ गाठलं. अश्वजितचा तिथं फोटो स्टुडिओ आहे. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे मी त्याला दमात घेऊ शकते. त्यानं फ्रेमचे गंजके खिळे काढले, मागचा पुठ्ठा उचलला आणि थबकला.

"रंजिता, हा फोटो फ्रेमीहून मोठा हाय. एक बाजू मागं दुमडून राह्यली."

कुणीतरी मापाची फ्रेम मिळाली नाही म्हणून कडेचा भाग सरळ मागं मुडपून टाकला होता. अश्वजितनं तो कापसाच्या बोळ्यानं ओलसर केला आणि हळूहळू उलगडला. घडीत ऊन नाही, धूर नाही, त्यामुळे तेवढा भाग कालच काढल्यासारखा स्वच्छ होता.

तिथं आमची बाई उभी होती. खरा घागरा, खरा चुंडा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हनुवटी वर. तिनं लांब काठी आडवी धरून पलटणीची वाट अडवली होती. आता सातही शिपायांचे हात कुठं आहेत ते ध्यानात आलं. प्रत्येकाचा एक हात कमरेच्या थैलीत होता आणि दोघं तर चक्क हसत होते.

मी स्टुडिओतच ओरडले, "अरे, ही तर होळी!"

होळीला आमच्या बायका काठ्या घेऊन रस्ता अडवतात. तहसीलदार असो नाहीतर जावई, फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, दिल्याशिवाय सुटका नाही. आणि त्या दिवशी आम्ही जी लेंगी गाणी गातो त्यात एक कडवं आहे: घागऱ्यात मिशा आल्या, याडीनं वाट अडवली, थैल्या उघडल्या तेव्हाच सोडलं. लहानपणापासून मी ते घसा फोडून गात आले. आम्हाला वाटायचं, ही पुरुषांची टिंगल आहे. तो फोटो भिंतीवर आणि हे कडवं तोंडात, अन् एवढ्या वर्षांत एकालाही दोन्हीची सांगड घालता आली नाही. देवळात मिशा पुजल्या आणि याडी घडीत राहिली!

फोटो तांड्यावर कसा आला ते मात्र कळलं नाही. फुफीचं म्हणणं, तोही फगव्यातच मागून घेतला असेल.

ते ती नंतर म्हणाली. आधी मी नवी मोठी फ्रेम तिच्या मांडीवर ठेवली, तेव्हा ती कितीतरी वेळ त्या बाईच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग पदरानं काच पुसली.

"ऐकणारी होती," ती म्हणाली. "मागं उभी राहून सारं ऐकून राह्यली होती."

होळीच्या दिवशी नाईकांनी स्वतः खिळा ठोकला. "आता त्या शिपायायले कापून काढा ना," कुणी म्हणालं. फुफी कडाडली, "कायले? फगवा देऊन गेलेले पाव्हणे होत ते. राहू द्या याडीपुढं उभे."

मग तिनं काठी घेतली आणि आम्ही सगळ्या रस्त्यावर उतरलो. तिसऱ्या मोटारसायकलवर बादल होता. त्यानं खिशात हात घातला.

"पैसे नाई पाहिजे," फुफी म्हणाली आणि आपला ठेवणीतला घागरा त्याच्यापुढं धरला. "घाल."

बादलनं माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल काढला होता. त्यानं मुकाट घागरा चढवला, वर मिशी तशीच. सगळ्या तांड्यानं ते लेंगीचं कडवं धरलं, नाईकांनीसुद्धा. फुफी त्याच्यासमोर आडवी काठी धरून उभी राहिली, हनुवटी वर.

फोटो मी त्याच ग्रुपवर टाकला.