दोरा तोडणारा दात

आमच्या शिंपीकाकांच्या तोंडात बत्तीस दात नव्हते, बत्तीस नोकर होते. काही टाचण्या सांभाळायचे, काही टेपचं टोक धरायचे आणि पुढचा एक, ज्याला काका लाडानं ‘मुकादम’ म्हणायचे, तो फक्त दोरा तोडायचा. तोडताना असा टणत्कार व्हायचा, की समोरचा घड्याळवाला दचकायचा आणि हातातल्या घड्याळाचा काटा पुढे सरकायचा. खोटं वाटत असेल तर त्या गल्लीत कुणालाही वेळ विचारा. अजून पुढेच आहे.

तर हा मुकादम एके दिवशी काजाचा दोरा तोडताना स्वतःच अर्धा तुटला. काकांचं धाबं दणाणलं. कात्रीनं दोरा कापणारा शिंपी त्यांच्या लेखी कुबड्या घेऊन नाचणारा!

गल्लीत दातांचे डॉक्टर दोन. एक झटपट डॉक्टर, दुसऱ्या थांबाबाई. कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचा पहिला शब्द “थांबा”. काकांनी दोघांना एकच विचारलं, “कॅप किती टिकेल?”

“जन्मभर!” झटपट म्हणाले. “बसा, चहा निवायच्या आत लावतो.”

थांबाबाई म्हणाल्या, “थांबा. आधी सांगा, तोंडात काय काय धरता? दात आतून किडलाय. तो साफ करायचा, मग कॅप. दोन-तीनदा यावं लागेल.” आणि पैसे सांगितले झटपटच्या तिप्पट.

काका घरी येऊन काकूला म्हणाले, “दातातलं मला काय कळतं? पण शिवण कळते. बाईंच्या कोटाचा खिसा उसवलेला. आणि झटपटचा कोट! तो वाकला तशी मी हळूच कड उलटी करून बघितली. आतली शिवण अशी, की उलटा घालून लग्नाला जावं. ज्याचं अस्तर इतकं स्वच्छ, तो दाताच्या आत घाण ठेवेल?”

“अहो, पण तो कोट...” काकू म्हणाली. काका केव्हाच जिना उतरले होते.

कॅप लागली. काय चमकायची! काका हसले की गिऱ्हाइकं डोळ्यांवर हात धरायची. काही महिने सगळं झकास. मग एका दुपारी दोरा तोडला आणि कॅप जी सुटली, ती रस्ता ओलांडून घड्याळवाल्याच्या चहात. पाठोपाठ काकांचा गाल असा सुजला, की शर्टाच्या गळ्याचं माप पुन्हा घ्यावं लागलं. आत कीड मजेत वाढत होती.

“एवढा सुरेख कोट असलेला माणूस...” काका कण्हत म्हणाले.

“तो कोट तुम्हीच शिवलाय,” काकू म्हणाली. “त्यानं दवाखाना उघडला तेव्हा. काजं मी केली होती.”

काकांनी गालावरचा हात काढला. “म्हणजे मी माझ्याच कामावर भाळलो?”

“दुसऱ्या कुणाच्या कामावर भाळलात कधी?”

दुसऱ्या दिवशी काका थांबाबाईंच्या खुर्चीत. बाईंनी आरशानं आत-बाहेर न्याहाळलं. “आधी आला असता तर सोपं होतं. आता पैसे जास्त, फेऱ्या जास्त, आणि वाचेलच असं सांगत नाही. वाचला, तरी यानं दोरा तोडायचा नाही. कधीच.”

पैशांना काका हो म्हणाले. दोऱ्यापाशी मात्र गाडी अडली. शेवटी म्हणाले, “बंद करण्याआधी आतलं काम मला दाखवाल?”

दात आतून साफ झाल्यावर बाईंनी खरंच दाखवलं. हातात एक आरसा दिला, तोंडात दुसरा धरला. काकांनी डोळे बारीक करून पोकळीच्या कडा तपासल्या, बाही तपासावी तशा. “हं,” ते म्हणाले. “लावा.”

मुकादम वाचला. तो आता नुसता बसून पेन्शन खातो आणि काकांच्या गळ्यात कात्री लटकते. गल्ली शांत झाली, म्हणून घड्याळवाल्याला करमत नाही.

परवा थांबाबाई दुकानात आल्या. तोच कोट, तोच खिसा. काकांनी तो शिवला, कात्रीनं दोरा कापला.

“किती टिकेल?” बाईंनी विचारलं.

“थांबा,” काका म्हणाले. “आधी सांगा, खिशात काय काय ठेवता?”