मध्ये घातलेला मीटर

लाइट गेली तशी सूनबाईने सासऱ्यांचं ऑक्सिजनचं मशीन बॅटरीवर घेतलं. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात निम्मं आयुष्य गेलेली बाई ती. बॅटरी किती वेळ पुरेल हे मोजल्याशिवाय तिला चैन पडेल तर शपथ! जोडता जोडताच तिने मध्ये आपला मीटर घातला. आता मशीनला जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जाणार होता.

आकडा दिसतो न दिसतो तोच मशीन ठणाणा करायला लागलं. लाल दिवा लागला. बॅटरी संपत आल्याची खूण होती ती.

"वहिनी, चार्ज केली होतीस ना?" धाकटा दीर धावत आला.

"अरे, पूर्ण भरलीय!"

"मग हे काय बोंबलतंय? बंद पडायची वाट बघू? खाली गाडी आहे, मी बाबांना उचलतो."

"पाच मजले? नळीशिवाय? जिन्यातच जातील रे ते!"

"आणि इथे राहिले तर?"

सासऱ्यांना पलंगावरून खुर्चीत बसतानाही धाप लागायची. त्या आवाजाने ते आणखीच घाबरले होते, डोळे नुसते गरागरा फिरत होते. दिराने त्यांच्या नाकातली नळी काढली आणि त्यांना खांद्याशी घेतलं.

तिने घाईघाईने बॅटरी चाचपली. बॅटरी गार होती. मीटरच्या बारीक वायरीचा मात्र बोटांना चटका बसला. वायर तापतेय, म्हणजे व्होल्ट वाटेतच खाल्ले जातायत! मशीनला पुरेसे पोचतच नाहीत.

"ठेव त्यांना खाली! बॅटरी नाही रे, हा माझा मेला मीटर खातोय!"

"नक्की?"

"नक्की! ठेव म्हणते ना!"

दीर दारातच घुटमळला. म्हाताऱ्याचे ओठ निळे पडत चालले होते. तिने बॅटरीपासून मशीनपर्यंत सरळ जाड वायर लावली आणि मीटर ओढून काढला. ठणाणा थांबला. दिवा हिरवा झाला. दिराने वडिलांना पलंगावर टेकवलं आणि नळी लावली.

ओठांवर रंग यायला बराच वेळ लागला. तिला रडू आवरेना. आपल्याच हाताने मारत होतो आपण ह्यांना! तिने त्यांचं मनगट धरलं, नाडी शोधली आणि घड्याळाकडे पाहिलं.

सासऱ्यांनी डोळे उघडले.

"मोजू नकोस गं," ते कसेबसे म्हणाले. "नुसता हात धर."