पातोळी आणि किसमूर

हळदीच्या पानात उकडलेली गोड पातोळी आणि तिच्यावर सुक्या झिंग्याची खोबरं घातलेली झणझणीत किसमूर. ऐकणाऱ्याने नाक मुरडावं असाच हा जोडा. पण खाणाऱ्याची ब्रह्मानंदी टाळी लागते, हे हर्षाला लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, गणपतीच्या सणात, कळलं, आणि शिकवणारा होता खुद्द तिचा नवरा साईश. पेडण्याहून मयेला नवीन आलेली ती माहेरच्या आठवणीने रडवेली झाली होती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने शिळी पातोळी उघडली, आतल्या गूळखोबऱ्यावर किसमूर पेरली आणि तिला भरवली.

"ल्हानपणासून चोरून खातां हांव," तो म्हणाला. "आईक सांगू नाका."

चोरून, कारण पातोळी देवाच्या नैवेद्यातली. तिला मासळी लागली असं सासूबाईंना, देवकीबाईंना, कळतं, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. साईश वास्कोला बंदरात नोकरीला, घरी फक्त रविवारी. बाकीचे दिवस हर्षा आणि देवकीबाईंची करडी नजर. म्हणून वर्षातली ती एक चोरटी दुपार तिला सणापेक्षा मोठी वाटायची. या घरात आपलं एक माणूस आहे, ही त्या खाण्यातली खरी चव होती.

यंदा तर आनंद दुप्पट होता. विसर्जनाहून परतल्यावर देवकीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "म्हजे गुडघे आतां दुखतात. फुडल्या वर्सा देवाच्यो पातोळ्यो हर्षा करतली." इतकी वर्षं नुसते नारळ खवायला बसवलेल्या हर्षाला आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर वामकुक्षीला लवंडलं आणि दोघं स्वयंपाकघरात शिरली. बशी हर्षाच्या हातात, घास दोघांच्या तोंडात, आणि पाणी प्यायला आलेल्या देवकीबाई दारात.

"हें कितें गो? देवाची पातोळी आनी नुस्तें?" त्यांची नजर बशीतल्या मासळीवर खिळली.

हर्षाने साईशकडे पाहिलं. तिला भीती अशी वाटलीच नाही. तो हसेल, आई, माझीच खोड ही, म्हणेल, आणि लाडक्या लेकाला कोण काय बोलणार! साईशने घास गिळला.

"हांव तिका सांगतालों, आई, करू नाका म्हण. तांच्या पेडण्यांत चलता खंय."

हर्षाला आधी कळेचना. पेडण्यात? तिची आई चवथीच्या आठवडाभर आधीच सुक्या मासळीचा डबा माळ्यावर टाकते. त्या बाईचं नाव या माणसाने बशीभर किसमुरीसाठी मातीत घातलं.

देवकीबाईंनी लेकाकडे नीट पाहिलं. त्याच्या मिशीला किसमुरीचं लालसर खोबरं चिकटलं होतं. त्यांनी पदराच्या टोकाने ते हळूच पुसलं, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. मग हर्षाकडे वळून म्हणाल्या, "पातोळ्यो पूजा करतली." पूजा म्हणजे धाकटी जाऊ, दोन वर्षांपूर्वी आलेली.

म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. दिसलं, पुसलं आणि शिक्षा हिला. हर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते सासूबाईंसाठी नव्हतं. आई लेकाचीच असते. नवरा मात्र तिला आपला वाटला होता.

संध्याकाळी सगळे चहाला बाहेर सोप्यावर बसले, तेव्हा साईश मांजराच्या पावलांनी आत आला. "रागावलीस? अगे, आईसमोर कितें सांगतलों? सोड आतां. एक पातोळी उरल्या मगे?" आणि त्याने डोळा मिचकावला.

हर्षाने उरलेली पातोळी काढली. वर मूठभर किसमूर घातली आणि बशी घेऊन तडक सोप्यावर गेली. मागून साईश आला. देवकीबाई, पूजा, धाकटा दीर, सगळ्यांदेखत तिने बशी त्याच्यापुढे धरली.

"खा. तुका आवडता न्हय?"

पूजाचा कप ओठांशीच थांबला. साईशने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बशीकडे. तोंडाला पाणी सुटलेलं त्याच्या गळ्यावर दिसत होतं.

"म्हाका? छे," तो म्हणाला. "असलें कोण खाता?"

हर्षा तिथेच सासूबाईंसमोर बसली. तिने पातोळी उघडली आणि सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. चव तीच होती, आणि तिला त्याचाच अधिक संताप आला.

"हांव खातां," ती हात पुसत म्हणाली. "आनी फुडल्या वर्सा किसमूर म्हजेपुरतीच करतलें."