गळकी म्हणतात मला

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे हं! माझ्या पोटात द्रवरूप नायट्रोजन असायचा, बर्फालाही हुडहुडी भरेल इतका गार. झाकण उघडलं की पांढरा धूर निघे आणि पोरं ओरडत, "पाह्य बे, टाकी बिडी ओढून राह्यली!"

कारखान्यातून मी मेहकरला डॉक्टर पुष्पांजलीबाईंच्या जनावरांच्या दवाखान्यात आले. सात वर्षं गावोगाव हिंडले. चांगल्या वळूंचं रेत भरलेल्या बारीक कांड्या मी सांभाळायच्या, बाईंनी गाईंना कृत्रिम रेतन करायचं आणि गोठ्यांत कालवडी बागडायच्या. लोक पेढे बाईंना देत. मला कोण देणार? पण बाई मला रोज फडक्यानं पुसत, तेवढ्यावर मी खूश होते. पुढे नवी मोठी टाकी आली आणि मी कोपऱ्यात गेले.

तिथून मला जानेफळच्या शेषरावांनी नेलं. त्यांचा पवन्या म्हणजे कारवानी जातीचा उंच, सडपातळ कुत्रा. त्याची पिल्लं कधी जगली नाहीत. तो थकला तेव्हा डॉक्टरबाईंनी शहरातल्या प्रयोगशाळेत त्याचं रेत गोठवून घेतलं. चारच कांड्या. शेषरावांच्या मैना कुत्रीला एका वेळेला पुरतील एवढ्याच. कांड्या दवाखान्यातच राहू द्या, असं बाई परोपरीनं सांगत होत्या. पण उन्हाळ्यात पवन्या गेला आणि शेषराव हट्टाला पेटले. "घरचा जीव घरीच राहीन, म्याडम."

मग दर पंधरवड्याला ते मला मोटारसायकलवर बांधून मेहकरला नायट्रोजन भरायला नेत. दर शनिवारी माझ्यात पट्टी बुडवत. तिच्यावर जितकं दव गोठे, तितका नायट्रोजन शिल्लक. त्यांची बायको तानुबाई येताजाता विचारायची, "जेवला का रे पवन्या?" बोलायची ती त्याच्याशी. माझ्याशी त्या घरात कुणीच बोललं नाही.

खंडेनवमी आली. विळे, कुऱ्हाड, मोटारसायकल, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. शेषराव शेतात गेल्यावर तानुबाई माझ्याकडे वळली. गळ्यात झेंडूची माळ घातली. मला केवढा आनंद झाला! मग तिनं झाकण उचललं आणि आत दिवा दाखवला. "साऱ्याईले ओवाळलं, तुलेच काऊन सोडू? माह्या हातची भाकर खाल्ली तुनं."

झाकण तिनं परत ठेवलं, पण माळेचा दोरा खाली अडकला आणि ते तिरकं बसलं. मला जीभ असती तर मी किंचाळले असते. त्या फटीतून माझा नायट्रोजन उडू लागला. शनिवार आला, पण सोयाबीनच्या सोंगणी-कापणीत शेषराव पट्टी बुडवायला विसरले. पाचव्या दिवशी मी कोरडी पडले. कांड्यांतला पवन्या माझ्या पोटात दुसऱ्यांदा मेला, आणि हे फक्त मलाच ठाऊक होतं.

आठवड्यानं मैना माजावर आली. बाईंनी तिचं रक्त तपासून दिवस ठरवला आणि त्या घरी आल्या. शेषरावांनी झाकणाला हात घातला. धूर निघाला नाही. बोटांना लागला तो सुकलेला झेंडू. त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे तानुबाई उभी होती, पिल्लांसाठी शिवलेली गोधडी काखेत घेऊन. त्यांनी झेंडू मुठीत दाबला.

"झाकण उघडं राहिलं होतं का?" बाईंनी विचारलं.

"नाई जी. टाकीच जुनी व्हती. गळाली."

बाईंनी त्या मुठीकडे पाहिलं आणि आपली बॅग बंद केली.

"मेली!" तानुबाई माझ्यावर कडाडली. "माह्या पवन्याले खाल्लं इनं!" आणि गोधडीत तोंड खुपसून रडली.

आता मी गोठ्यात सरकीच्या ढेपेच्या पोत्यांमागे असते. झाकणावर कोंबडी बसते. शेषराव कधीमधी येतात, माझ्या गळ्याशी हात ठेवतात आणि निघून जातात. मी गळकी नाही, हे त्यांना माहीत आहे. आज नायट्रोजन भरला तर पंधरवडाभर टिकेल. पण मग चूक कुणाच्या हातून झाली, हे तानुबाईला कळेल.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू गळकी म्हणून टाकण्याआधी ती एकदा भरून पाहा. मला मात्र भरू नका. तानुबाई घरात आहे.