जासईच्या कड्यावर उरलेला कुसुंब

मी कुसुंब बोलतोय. जासई गावामागच्या टेकडीवर उभा आहे. टेकडी म्हणायचं ते सवयीने. आता माझ्या मुळांपुरता मुरमाचा सुळका उरलाय, चारी बाजूंनी तुटलेला.

माझं बी एका वानराने थुंकलं. रुजलो तेव्हा वर ऐन, किंजळ, आसाणा यांच्या फांद्यांची दाटी होती. उन्हासाठी भांडतच वाढलो. फाल्गुनात आम्हा कुसुंबांना कोवळी पानं फुटली की सगळा उतार लालभडक व्हायचा. खाली भातखाचरं, पलीकडे मिठागरं, मग खाडी.

गावकरी सरपण न्यायचे, पण वाळलेलं. पुढे कोळशाच्या भट्ट्या लागल्या आणि मोठे ऐन गेले. मग खाडीत भराव घालायला मुरूम हवा झाला. उरलीसुरली झाडं पडली, त्यांच्या पायाखालची जमीनही ट्रकमध्ये बसून गेली. खाचरांच्या जागी कंटेनरचे ढीग उभे राहिले.

गावातली जाई लग्न होऊन आली तेव्हापासून माझी फळं वेचायची. बियांचं तेल काढून सासूच्या गुडघ्यांना चोळायची. पोकलेन माझ्याजवळ आलं त्या सकाळी ती माझ्या बुंध्याला पाठ लावून बसली.

पोकलेन चालवणारा शिवतेज साताऱ्याकडचा. तो खाली उतरला. "मावशी, उठा की. मला काय हौस हाय व्हय?"

"डोंगर नेतंस, ने. याला हात नको लावू."

"एक झाड ठेवून काय करणार तुमी?"

"माजे घरातला हाय तो," जाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

शिवतेज मागे वळला. मग मशीनवर चढून त्याने मला वळसा घातला. मुकादम ओरडला, तर म्हणाला, "तिकडं कातळ लागलाय, सायेब!"

मी वाचलो. पण खोदाई संपली तेव्हा पायवाटही गेली होती. जाईला वर येता येईना. ती खाली रस्त्याकडेला उभी राहून विचारायची, "कुसुंबा, बरा हायस ना?" ट्रकच्या हॉर्नमधून हाक कधी पोचायची, कधी नाही. शेवटी एकदा ओरडून सांगून गेली, "पोरगा मना खांदेश्वरला नेतो रं. लिफ्टची बिल्डिंग हाय." त्यानंतर कोणी हाक मारली नाही.

यंदाही मला मोहर आला. थोड्या मधमाश्या आल्या, त्यांच्या अंगाला माझाच पराग. आसपास दुसरा कुसुंब नाही, त्यामुळे फळ धरत नाही. मोहर गळून कंटेनरच्या पत्र्यांवर पडतो. लाल पानं बघून लोक गाडी थांबवतात. "काय कलर आहे!" म्हणतात, फोटो काढतात, निघून जातात.

त्या लोकांना माझं एक सांगणं आहे. मधमाशीला एका दमात उडून येता येईल इतक्या जवळ माझ्या जातीचं एक रोप लावा. ते मोहरायला बरीच वर्षं जातील. हा सुळका टिकला, तर तोवर मी इथेच आहे.